अमेरिकन काँग्रेसची ही कोंडी फुटणार कशी? घोडं नक्की कुठे पेंड खातंय?

बिनपगारी_विश्लेषक:
इथे येऊन बारा वर्षं झाली, सिटिझन होऊन पण तीन झाली, तरी हे कोडं काही सुटत नाही बुवा. २०२५ ला खर्चाचं बिल अडकलं आणि १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं (शटडाऊन) ते थेट १२ नोव्हेंबरला उघडलं, ४३ दिवस!! त्याच्याआधीचा रेकॉर्ड ३५ दिवसांचा, २०१८-१९ चा. एअर ट्रॅफिक कंट्रोलर बिनपगारी काम करत होते, फ्लाइट कमी केल्या, आणि शेवटी झालं काय तर सिनेटमधे (वरचं सभागृह) ६०-४० नी गाडं पुढे सरकलं, डेमोक्रॅट गटातले आठ जण रिपब्लिकन्सच्या बाजूला गेले म्हणून. मग हेच पहिल्या आठवड्यात का नाही जमलं? आपल्याकडे बजेट पडलं तर सरकार पडतं, इथे सरकार जागेवर आणि ऑफिसं बंद, हे काय लॉजिक आहे? फिलिबस्टर (सिनेटमधे चर्चा लांबवून बिल अडवणं, ते मोडायला १०० पैकी ६० मतं लागतात) काढला की प्रश्न मिटेल असं एक मित्र म्हणतो. पटत नाहीये, पण उलट उत्तर पण सुचत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_काका:
आधी एक दुरुस्ती. त्या आठातले तिघं पहिल्या दिवसापासूनच सरकार चालू ठेवायच्या बाजूने मत देत होते, म्हणजे खरे फिरले ते पाचच.
आता फिलिबस्टर. तो घटनेत कुठेही नाही, सिनेटचा स्वतःचा नियम आहे. चर्चा थांबवायला १९१७ ला दोन तृतीयांश मतं ठरवली, १९७५ ला ती ६० वर आणली. पूर्वी उभं राहून तासन् तास बोलावं लागायचं, आता नुसतं कळवलं की आम्ही अडवणार तरी काम होतं, म्हणजे अडवणाऱ्याच्या घशाला कोरडसुद्धा पडत नाही. २०१३ ला डेमोक्रॅट्सनी बहुतेक नेमणुकांसाठी तो काढला, २०१७ ला रिपब्लिकन्सनी सुप्रीम कोर्टासाठी पण काढला. कायद्यांसाठी मात्र शाबूत आहे. या शटडाऊनमधे ट्रंप स्वतः सांगत होते काढून टाका, त्यांच्याच सिनेटर्सनी ऐकलं नाही. का? कारण उद्या आपण अल्पमतात गेलो तर, ही भीती दोन्हीकडे सारखीच.

माळ्यावरचा_पंखा:
काका बरोबर आहेत पण माझ्या मते फिलिबस्टर हा ताप आहे, आजार वेगळाच. आजार म्हणजे प्रायमरी, पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. बहुतेक मतदारसंघ इतके एकतर्फी आहेत की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती, खरी लढत स्वतःच्या पक्षाच्या प्रायमरीत, आणि तिथे मत द्यायला येतात थोडेच लोक आणि ते पण कट्टर. मग समोरच्याशी तडजोड करणारा माणूस तिथेच कापला जातो.
उदाहरण घ्या, जानेवारी २०२१ ला हाउसमधल्या (खालचं सभागृह) दहा रिपब्लिकन्सनी ट्रंपविरुद्ध महाभियोगाला मत दिलं. चौघांनी पुढची निवडणूक लढवलीच नाही, चौघं प्रायमरीत पडले (लिझ चेनी त्यातच), उरले फक्त दोघं, न्यूहाउस आणि वलादाओ. एक वॉशिंग्टन राज्यातला, दुसरा कॅलिफोर्नियातला. दोन्हीकडे टॉप टू आहे, म्हणजे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत आणि पहिले दोन पुढे, पक्ष कुठलाही असो. हा योगायोग नाही.

खडूस_काका:
@माळ्यावरचा_पंखा अर्धीच गोष्ट सांगितलीस. पडलेल्या चौघांतली जेमी हरेरा बटलर पण वॉशिंग्टनचीच, टॉप टू मधेच तिसरी आली. जादूची कांडी वगैरे नाही ती.

माळ्यावरचा_पंखा:
मान्य, ते लिहायला हवं होतं. पण अलास्का बघा की. तिथली रिपब्लिकन सिनेटर मर्कावस्की २०१० ला पक्षाच्या प्रायमरीत हरली आणि नोव्हेंबरात लोकांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून तिला निवडून दिलं. २०२२ ला तिथे नवी पद्धत होती, एकच प्रायमरी, पहिले चार पुढे आणि मग मतदार त्यांना पसंतीक्रम देतात, ट्रंपनी विरोधात उमेदवार देऊनसुद्धा ती आली. तिला कट्टर लोकांची मनधरणी करावी लागत नाही म्हणून ती मोकळेपणाने मत देऊ शकते, मुद्दा एवढाच आहे.

खिरापत_समर्थक:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. इअरमार्क! म्हणजे खासदाराच्या भागातल्या पुलाला, धक्क्याला, हॉस्पिटलला नावानिशी पैसे. भ्रष्टाचार म्हणून २०११ ला बंद केले, २०२१ ला परत आणले. अहो माणूस समोरच्या पक्षाच्या बिलाला मत देणार तर घरी जाऊन दाखवायला हातात काहीतरी पाहिजे ना? नुसत्या देशहितावर कोण निवडून येतं. आणि काँग्रेस अगदीच ठप्प आहे असंही नाही हं, २०१८ चा तुरुंग सुधारणा कायदा सिनेटमधे ८७-१२ नी झाला, २०२१ चं रस्ते-पूल बिल ६९-३० नी, त्यात १९ रिपब्लिकन. कॅमेरे दुसरीकडे असले की हे लोक गुपचूप काम करतात, विषय टीव्हीवर गाजला की मेलाच समजा.

नाक्यावरची_निराशा:
सगळं छान आहे पण लोकांनाच नकोय त्याचं काय? नोव्हेंबर २०२४ ला कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगन सगळीकडे असल्या सुधारणा मतदारांनी फेटाळल्या, अलास्कात तर आहे ती पद्धत रद्द करायचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी पडला, वाचली म्हणायची. आणि २०२५ ला टेक्ससनी पक्षाच्या सोयीने मधेच मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, कॅलिफोर्नियानी सीमा आखणारा स्वतःचा स्वतंत्र आयोग बाजूला ठेवून तसंच उत्तर दिलं. म्हणजे सेफ सीटा अजून वाढणार.

बिनपगारी_विश्लेषक:
धन्यवाद मंडळी, मित्राला लिंक पाठवली. एक कबुली देतो, मी पेन्सिल्वेनियात आहे, इथे प्रायमरी क्लोज्ड (फक्त त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत), आणि मी ऐटीत कुठलाच पक्ष नको म्हणून रजिस्टर केलंय. म्हणजे पंखा म्हणतो त्या खऱ्या लढतीत मी एकदाही नव्हतो 😅

खडूस_काका:
मग फॉर्म भर. प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत बदलता येतं.

बिनपगारी_विश्लेषक:
ते ठीक आहे हो काका, पण कुठल्या पक्षात?