मदत हवी आहे: पुराच्या पाण्यासाठी वेटसूट की ड्रायसूट?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हापासून आम्ही काही पोरं बचावकामाला उतरतो. स्कूबा तारकर्लीला शिकलो. तिथं ३ मिमी जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा फोमसारख्या रबराचा पोशाख) पुरेसा होता.

पण पुराचं पाणी वेगळं. गटारं, मेलेली जनावरं, डिझेल, सगळं त्यात मिसळतं. वेटसूटमध्ये पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेनं तापतं, म्हणजे आपण बाहेर येईपर्यंत ती घाण कातडीला लागून. गेल्या खेपेला एकाच्या पायाची जखम महिनाभर चिघळली. म्हणून मला ड्रायसूटच योग्य वाटतो: मनगट-गळ्याला सील, अंग कोरडं. इथं थंडीचा प्रश्न नाहीच, उलट आत उकडेल. तोंडासाठी फुल फेस मास्कही घ्यावा लागेल ना?

काळजी एकच. ड्रायसूटच्या आत हवा असते, ती पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर फेकला जातो. ते सांभाळायचं प्रशिक्षण जवळपास कुठं मिळेल? लेटेक्सचं सील फाटलं तर कोण बदलून देतं? रबरी ड्रायसूट धुवायला सोपा म्हणतात, खरंय का?

पैसे वर्गणीचे आहेत. गढूळ पाण्यात प्रत्यक्ष उतरलेल्यांनी कृपया सांगा, पावसाळ्याआधी ठरवायचं आहे.