मदत हवी आहे: विंचूदंशावरचं औषध आरोग्य केंद्रात बारमाही मिळावं म्हणून काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव रायगड-रत्नागिरीच्या हद्दीवर आहे. पाऊस उघडून भातकापणी सुरू झाली की इकडे विंचू चावल्याच्या बातम्या रोजच्याच. जांभ्याचे चिरे, कौलांचा ढीग, पेंढ्याची उडवी, पडवीतली लाकडं, तो कुठेही असतो. मोठी काळी इंगळी बघूनच घाबरायला होतं, पण जिवावर बेततं ते छोट्या लाल विंचवाचं.

गेल्या हंगामात आमच्या वाडीतल्या एका लहान मुलीला पेंढा ओढताना बोटाला डंख बसला. घरच्यांनी आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं. तिथून उठेपर्यंत फ्रॉक घामाने पिळून काढण्याइतका भिजला होता, उलट्या थांबत नव्हत्या, तळवे गार पडले होते. आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर होते, पण प्राझोसिनच्या गोळ्या संपलेल्या आणि विंचवावरची लसही (म्हणजे डंखानंतर द्यायचं प्रतिविष) नव्हती. तिथून घाटरस्त्याने तालुक्याला. मुलगी वाचली, पण त्या रस्त्यावर तिच्या आईचं काय झालं असेल ते मी इथे लिहू शकत नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की यावरचा इलाज आपल्याच भागात सापडलेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर विंचूदंशाच्या शंभरातले चाळीसेक रुग्ण दगावत. हे विष अंगात भिनलं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी तो आवळलेपणा सोडवते, हे त्यांनी दाखवून दिलं आणि मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. पुढे 2011 मध्ये महाडमधल्याच 70 रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसती गोळी घेतलेल्या 35 पैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते, गोळी आणि लस दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32. म्हणजे गोळी तर हवीच, लसही हवी, आणि दोन्ही लवकर हव्यात. ही लस मुंबईच्या हाफकिनमध्ये बनते. सगळं इतकं जवळ असून आमच्या कपाटात नाही.

दुसरी अडचण उतरवणाऱ्यांची. त्यांच्याशी भांडून काही साधणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक दंशांत नुसती कळ येते आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते, त्यामुळे यश मंत्राच्या खात्यावर जमा होतं. फसतं ते घाम फुटलेल्या रुग्णाचं, त्यातही लहान मुलांचं. कळ फारशी नाही म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि आत विष काम करत असतं.

तर विचारायचंय ते असं. गोळ्या आणि लस हंगामाआधीच भरून ठेवायला कोणाच्या मागे लागावं? ग्रामसभेच्या ठरावाला जिल्हा पातळीवर किंमत असते का? आणि उतरवणाऱ्यांना बरोबर घेण्याचा प्रयत्न कोणी केलाय का?

प्रतिसाद – रानवाट

दादा, मी आशा सेविका आहे, तुमच्याच बाजूच्या पट्ट्यात. आधी साठ्याचं. नुसतं "औषध नाही" म्हणून ओरडलं की कोणी हलत नाही. मागच्या वर्षी कुठल्या महिन्यात किती विंचूदंश आले, ते केंद्राच्या रजिस्टरवरून डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि त्या आकड्यावर मागणी पाठवायला लावा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सरपंचांना घेऊन बसा. आमच्याकडे जिल्ह्याचा साठा यायला उशीर झाला तेव्हा समितीच्या पैशातून गोळ्या बाहेरून घेतल्या. ठराव कराच. त्याची पोच घेतलेली प्रत हातात असली की फोन उचलले जातात.

उतरवणारे एक आजोबा आमच्याकडे आहेत. मी त्यांना मंत्र सोडा असं कधी म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, "आजोबा, घाम फुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले की तुम्हीच म्हणा, आता दवाखान्यात न्या." आता ते स्वतःच 108 ला फोन लावायला सांगतात. त्यांच्या शब्दावर लोक माझ्यापेक्षा लवकर उठतात.

अजून एक. गोळी दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवायचं असतं. आया पोराला उचलून कडेवर घेतात, रक्तदाब एकदम खाली येतो आणि पोर निपचित पडतं. आणि ही गोळी घरी आणून आपल्या मनाने द्यायची नाही, हे कृपया सगळ्यांना सांगा.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. रजिस्टरचे आकडे मागायचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच डॉक्टरांना भेटतो. अंधारात अतिनील टॉर्च मारला की विंचू हिरवट चमकतो, म्हणून वाडीसाठी दोनतीन टॉर्च घ्यायचाही विचार आहे. निजायच्या आधी अंथरूण-पडवी तपासता येईल. कोणी वापरला असेल तर कसा घ्यावा ते सांगा. आणि ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना कोणाकडे असेल तर इथेच टाका, आमची सभा पुढच्या आठवड्यात आहे.