पुणे की बेंगळूर? पोरीला पाठवताना नेमकं काय बघायचं?

खानापूरकर
नमस्कार. थोरली पोरगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली. एम.एस्सी.साठी पुणे विद्यापीठ आणि बेंगळूर विद्यापीठाचं ज्ञानभारती आवार, दोन्हीकडं फॉर्म भरलेत. कन्नड लिहिता-वाचता येतं, म्हणून भाषेची अडचण नाही. काळजी वेगळी आहे. आमच्याकडं सांजच्या बसनं ती उतरली नाही तर तिठ्यावरचा चहावालासुद्धा फोन करतो, "पोरगी आली न्हाई की ओ अजून." तिथं असं कोण आहे? 2025 च्या फेब्रुवारीत स्वारगेटला पहाटे उभ्या बसमध्ये त्या तरुणीवर जो प्रसंग आला, तेव्हापासून तिच्या आईला पुण्याचं नावच नको झालंय. माहितीपत्रकात सगळीकडं "सीसीटीव्ही, 24 तास सुरक्षा" एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून मी काय ठरवू? बाहेर राहून शिकलेल्या पोरींनी सांगा.

निपाणीची लेक
काका, मी पुण्यातल्या एका कॉलेजात दोन वर्षं काढली. बाबा बघायला आले ते सकाळी अकराला. गेट भारी, वॉचमन गणवेशात, बाबा खूश. खरं आमची वाट सुरू व्हायची रात्री आठनंतर, प्रॅक्टिकल संपल्यावर. लॅब ते होस्टेल बारा मिनिटं. मधल्या वळणावरचा दिवा गुलमोहराच्या फांद्यांत गेलेला, खाली पायापुरतासुद्धा उजेड नाही. आम्ही चौघी एकमेकींसाठी थांबून मगच निघायचो. फांद्या तोडा म्हणून तीन अर्ज दिले, तोवर पहिलं वर्ष संपलं. म्हणून सांगते, रात्री आठ-साडेआठला जा आणि लॅबपासून होस्टेलच्या दारापर्यंत पोरीला घेऊन चालत जा. वाटेत भेटतील त्या मुलींना विचारा, "एकटी येतेस का गं इथनं?" त्या खरं ते सांगतात.

टिळकवाडी
निपाणीच्या ताई म्हणतात ते बरोबर. त्यात रहदारी पण बघा. ज्ञानभारतीचं आवार हजार एकरांच्या वर, आतून बस जाते. 2022 च्या ऑक्टोबरात आवारातच एक विद्यार्थिनी बसखाली सापडून दगावली. बाहेरची वाहनं आतून नकोत म्हणून मुलं तेव्हा रस्त्यावर बसली होती. आपण पोरीला माणसांपासून जपायचं बघतो, रस्त्याचं ध्यानातच येत नाही.

निवृत्त मास्तर, येळ्ळूर
मी ऑफिसात जाऊन एकच विचारीन: अंतर्गत समितीवर कोण आहेत आणि गेल्या वर्षी तक्रारी किती आल्या? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्यानं ही समिती सक्तीची आहे. अध्यक्षपदी बाईच हवी, चौकशी 90 दिवसांत संपवायची, आणि वर्षाच्या अहवालात तक्रारींचा आकडा द्यावा लागतो. "आमच्याकडं एकही तक्रार नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर मला धीर येत नाही. हजारो पोरी शिकतात तिथं एकही तक्रार नाही म्हणजे बहुतेक पोरींना समितीच ठाऊक नसते. चार आल्या आणि त्या निकाली कशा निघाल्या ते नीट सांगणारं ऑफिस मला जास्त भरवशाचं वाटतं. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये आजच घाला. अडचणीला 112 आहेच.

खानापूरकर
सगळ्यांचे आभार. काल पुण्याला जाऊन आलो, तिघंही. रात्री साडेआठला चालत गेलो. मी आणि तिची आई मुद्दाम मागं राहिलो, पोरीला पुढं जाऊ दिलं. वाटेत दोघी मुली भेटल्या, त्यांच्याशी ती दहा मिनिटं बोलत उभी राहिली. परत येऊन आईला म्हणाली, "त्यांच्याकडं होस्टेलच्या मावशींचा नंबर आहे, मी पण घेतलाय." त्यावर आई काही बोलली नाही, खरं परतीच्या बसमध्ये गादी कुठली न्यायची ते विचारत होती.

तर पुणंच. रात्रीच्या गाडीनं पाठवणार नाही, सकाळी बेळगावातून बसली की उजेडात पोचते. आता एकच राहिलंय. होस्टेलची यादी लागेपर्यंत पंधरा-वीस दिवस कुठं ठेवायचं? औंध नाहीतर शिवाजीनगरला कुणाचं नात्यातलं घर असलं तर कळवा. जेवणाखाण्याचं आम्ही बघू.