तुपालाच फासावर का चढवता?

साजूक_सातारकर:
शुगर वाढल्याचं कळलं की घरात पहिली गदा तुपाच्या बरणीवर. भाताचा ढीग, चहातली साखर, वाढीव पोळी यांना कोणी बोलत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत (२०२३) १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले. त्याच पाहणीतले आहाराचे आकडे सांगतात की आपल्या रोजच्या कॅलरींपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. आपण तुपाने नाही, भाताने आजारी पडलोय. खोडून दाखवा.

रक्तबिंदू:
अर्धंच बरोबर. जास्तीचा भातही यकृतात चरबीच होतो, त्यामुळे ताटात काय होतं यापेक्षा साठा किती झाला हे महत्त्वाचं. चरबीपेशी मर्यादेबाहेर फुगल्या की तिथे मॅक्रोफेज या संरक्षक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह (आतली धुमसती सूज) वाढवणारी द्रव्यं सुटतात. ही द्रव्यं इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आतच अडवतात. लठ्ठ उंदरांमध्ये हे १९९३ सालीच दिसलं होतं. मग स्नायू साखर उचलत नाहीत, आणि यकृत मात्र उपाशीपोटीही साखर सोडत राहतं. सकाळची फास्टिंग शुगर वाढते ती म्हणून. आणि तूपवाल्यांनो, स्निग्ध पदार्थांतलं पामिटिक आम्ल हा दाह चेतवतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. ते तुपात असतंच, फरसाणाच्या पामतेलात तर बक्कळ.

शंकासुर:
दाह दाह काय करताय? 'कॅन्टोस' नावाच्या औषधचाचणीत (२०१७) हृदयविकाराच्या १० हजार रुग्णांवर दाह कमी करणारं इंजेक्शन वापरलं. सीआरपी हा रक्तातला दाहाचा निर्देशक उतरला, हार्ट अटॅक घटले, पण नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. आगीऐवजी धुरावर पाणी मारताय तुम्ही.

रक्तबिंदू:
ते इंजेक्शन दाहाची एकच वाट अडवतं, शंकासुर. सॅल्सॅलेट या जुन्या दाहशामक औषधाने एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) थोडा का होईना, उतरला होता. दाह हे एकमेव कारण आहे असं मी म्हटलेलंच नाही.

पुणेरी_काडी:
"मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांसाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये छापून आलेला जोडफोटो बघा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजनकाटा आपल्याला सर्रास फसवतो. पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी, तूप खा नाहीतर भात.

साजूक_सातारकर:
म्हणजे तूप सुटलं ना?

शंकासुर:
सुटलं कुठे? आणि तुमचा भातही एकटा गुन्हेगार नाही. ब्रिटनच्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत रुग्णांना काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींचीच पेयं दिली. त्यांत निम्म्याहून जास्त वाटा पिष्टमय पदार्थांचा होता! तरी वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. वजन उतरलं, यकृतातली चरबी गेली, काम झालं. अर्थात त्या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. वीस वर्षं जुन्या रुग्णाने हे वाचून गोळ्या बंद करू नयेत.

नवखी_७२:
मग सीआरपी करून घेऊ का? पॅकेजमध्ये स्वस्त मिळतेय.

रक्तबिंदू:
नको. साध्या सर्दीनेही ती वाढते, आणि मग उगाच घाबराल. एचबीए१सी आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) करा. कंबर टेपने घरीच मोजा, बेंबीजवळ, श्वास सोडून. पोट आत ओढून नाही.