ब गटात कुजतोय की घडतोय? १८ वर्षांच्या स्टॉपरचा प्रश्न

पाच_नंबर_जर्सी
काल इथं कोल्हापूरच्या फुटबॉलमधल्या एका अठरा वर्षांच्या स्टॉपरबद्दल (गोलीच्या पुढं मधोमध उभा राहणारा डिफेंडर) एकानं लिहिलं, 'पोरगं खालच्या ब गटात कुजतंय. वरिष्ठ गटातल्या तालमीनं (क्लबनं) विचारलंय तर डोळे झाकून जावं, बेंचवर बसला तरी शिकेल.' रात्रभर डोक्यातनं जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

बेंचवर बसून फॉरवर्ड एखादवेळ शिकेल. त्याला शेवटची पंधरा मिनिटं सोडतात, दमलेल्या बॅकला पळवतो, गोल बसला तर पेठेत मिरवणूक. स्टॉपरला कोण सोडतंय? एका गोलनं पुढं असताना कुठला कोच डिफेन्सची जोडी मोडेल? मी स्वतः एका मोठ्या तालमीच्या बेंचवर दोन सीझन काढले. दोन्ही मिळून अर्धा तास खेळलो असेन, तोही हरलेल्या मॅचमध्ये. शाहू स्टेडियमवर वॉर्मअप करायचा, ट्रॅकसूट चढवायचा, घरी जायचं. परत खालच्या टीमला आलो तेव्हा डोक्यावरनं येणाऱ्या बॉलचा अंदाजच गेला होता.

या पोराच्या चार मॅच मी बघितल्यात. पहिल्या मॅचला हा बॉलकडं बघत राहायचा आणि माणूस पाठीमागनं निसटायचा. दुसऱ्या मॅचला त्याच चुकीनं दोन गोल बसले. चौथ्या मॅचला कॉर्नर होता. बॉल मारायच्या आधी यानं दोनदा मान वळवून मागं बघितलं, आणि एक हात मागं नेऊन फॉरवर्डच्या कमरेला नुसता टेकवून ठेवला. ओढला नाही, ढकलला नाही. माणूस हलला की हाताला कळतं. हे त्याला त्या दोन गोलांनी शिकवलं. बेंचवर ते दोन गोल कुठनं मिळणार?

भारताचा स्टॉपर संदेश झिंगन युनायटेड सिक्कीमकडनं आय-लीग या देशपातळीच्या लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळला, २०१४ ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) केरळा ब्लास्टर्सला गेला, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खालनंच वर गेला.

रंकाळा_कट्टा
कालचं मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. झिंगनचं उदाहरण अर्धं सांगितलंस. त्या सिक्कीमच्या टीमचा मालकही भारताचा जुना कॅप्टन बायचुंग भुतिया आणि खेळाडूही बायचुंग भुतिया. रोज प्रॅक्टिसला असला माणूस समोर असेल तर डिव्हिजन कुठली का असेना. आपल्या ब गटात समोर कोण आहे? बॉल आला की बाहेरनं सगळे ओरडतात, 'उडीव, उडीव!' म्हणजे लांब मारून टाक. पोरगं उडवतंय, टाळ्या पडतात. तीन वर्षं ही सवय लागली की वर गेल्यावर दोघं अंगावर आले की पायातला बॉल सुचत नाही. माझ्या चुलतभावाचं हेच झालं. ब गटात राजा होता, वर पहिल्याच मॅचला अर्ध्या वेळेत बाहेर काढला. परत कधी खेळला नाही. ते पोर तेव्हा घरी येऊन कुणाशी बोललं नाही, ते मी बघितलंय. म्हणून लिहिलं.

तालीम_जुनी
दोघंही मूळ दुखण्यावर बोलत नाही. वरच्या तालमी परदेशी खेळाडू आणतात तेव्हा पहिला सेंटर फॉरवर्ड, दुसरा स्टॉपर. गोली आणि विंगला आपली पोरं चालतात, मधला खांब मात्र बाहेरचा. मग इथं स्टॉपर घडणार कसा? अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला, अख्ख्या कोल्हापूरची छाती फुगली. पण तो फॉरवर्ड! त्या तोडीचा स्टॉपर दाखवा.

पाच_नंबर_जर्सी
परदेशींवर खापर फोडू नका. मला मार्किंग (समोरच्या फॉरवर्डला चिकटून राहणं) कळलं ते एका नायजेरियन फॉरवर्डमुळं. पहिल्या अर्ध्यात त्यानं मला तीनदा पाडलं. मॅच संपल्यावर हात धरून दाखवलं, पाय आधी रोव, मग अंग लाव. असं कुठल्या पेठेतल्या माणसानं मला दाखवलं नव्हतं.

तालीम_जुनी
तुला एकदा शिकवलं म्हणून शंभर पोरांची जागा गेली ती दिसत नाही? वर्गणी पेठेतनं गोळा करायची, घराघरांतनं, आणि पेठेतलं पोरगं बाहेर पाणी वाटणार! माझा थोरला तीन वर्षं पाणी वाटत होता. तुमच्यासारखे लोक 'त्यांच्यामुळं दर्जा वाढला' म्हणतात तेव्हा अंगाची आग होते.

रंकाळा_कट्टा
दर्जा वाढलाच आहे, हे मान्य करायला काय जातंय? पब्लिक वाढलं, पोरं जिमला जायला लागली.

तालीम_जुनी
पब्लिक तुमच्या जन्माआधीपासून आहे. शाहू स्टेडियमला गर्दी कधी नव्हती ते सांगा.

पाच_नंबर_जर्सी
काका, थोरल्याचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण तो पाणी वाटत होता ते वरच्या तालमीतच ना? मग मी तेच तर सांगतोय.

तालीम_जुनी
...हो. तेवढं बरोबर आहे तुझं. बाकीचं नाही.

उंची_साडेपाच
पोरगं पाच फूट आठ इंच आहे म्हणून आत्ताच विंग बॅकला (कडेच्या डिफेन्सला) टाका, पुढं स्टॉपर कोण घेणार नाही.

पाच_नंबर_जर्सी
इटलीचा स्टॉपर कॅनाव्हारो पाच फूट नऊ इंच होता. २००६ ला इटलीचा कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला, त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. उडी कधी मारायची ते कळलं की इंच कमी पडत नाहीत.

मामा_शिवाजीपेठ
ज्याच्यावर चाललंय ते माझं भाचरू आहे. काल सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, मामा, यंदा मला सगळ्या मॅच खेळायच्यात. वरच्या तालमीला पुढच्या सीझनला बघू म्हणून निरोप दिलाय. पण 'उडीव'चं रंकाळावाल्यांचं म्हणणं त्यालाही पटलं. डाव्या बाजूनं दाबलं की तो उडवतोच.

रंकाळा_कट्टा
कारण डावा पाय कच्चा आहे. मी एक मॅच बघितली तेव्हाच दिसलं. निर्णय मला पटलेला नाही, सांगून ठेवतो. पण आता राहतोच आहे तर सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर घेऊन या. भिंतीवर डाव्या पायानं रोज दोनशे पास. मी असतो तिथं.

पाच_नंबर_जर्सी
मी पण येतो. पाससोबत कुणीतरी अंगावर धावून जायला पाहिजे, नाहीतर भिंतीवरचा पाय मॅचला विसरतो.