ऑर्केस्ट्रा सोडून नुसत्या व्हिडिओ आणि क्लासवर भागेल का?

सहावी_तार, सातारा
नमस्कार मंडळी, ९ वर्षं गिटारवरच घर चालतंय. गणपती ते लग्नसराई सुपाऱ्या असतात, जून-जुलैला हात रिकामे. घरी ११ मुलं शिकायला येतात. यूट्यूब चॅनलला २३०० सबस्क्राइबर आहेत, लोकांनी बघायचे ४००० तास भरले, ॲड पण सुरू झाल्या पण सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ जुन्या हिंदी गाण्याचा आहे आणि त्यावर म्युझिक कंपनीचा क्लेम आला, म्हणजे त्याचे पैसे त्यांना, मला काहीच नाही. एका व्हिडिओला दोन दिवस जातात हो. रात्री दोनला शो संपवून गाडीत बसलं की वाटतं आता नाईट बंद कराव्यात. ज्यांनी असं केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

जुना_ॲम्प
वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय. आधी तो व्हिडिओ काढू नकोस. क्लेम वेगळा, स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याचा यूट्यूबचा इशारा) वेगळी. क्लेममध्ये पैसे जातात पण चॅनलला धोका नसतो, ९० दिवसांत ३ स्ट्राइक आल्या तर चॅनल जातं. त्या व्हिडिओखाली क्लासची माहिती टाक, लोक तिथूनच येतात. मला ॲडचे पैसे तारांपुरते सुद्धा मिळत नाहीत पण निम्मे विद्यार्थी एका साध्या व्हिडिओने आणलेत, एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या तो), पहिलं बोट सपाट न ठेवता किंचित कडेवर वळवायचं आणि अंगठा मानेच्या मागे, एवढंच. त्यात गाणंच नाही मग क्लेम कुठून येणार.
आणि नाईट सोडू नकोस रे. ऐनवेळी गायिका म्हणते पांढरी तीन (ई) जड जातेय, काळी दोनला घ्या, म्हणजे अर्धा सूर खाली. कॅपोने, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्याने, पट्टी वर जाते, खाली येत नाही. मग पहिल्या फ्रेटला (मानेवरच्या पहिल्या घराला) कॅपो लावून डीचे, म्हणजे पांढरी दोनचे, कॉर्ड धरायचे, की काळी दोन वाजते. हे तुला झोपेत येत असेल, घरी शिकणाऱ्यांना कुणी सांगत नाही. याचाच व्हिडिओ कर ना.

न्यूजर्सीची_आई
माझा मुलगा महाराष्ट्रातल्या सरांकडे ऑनलाइन शिकतो, मराठीत शिकवणारे हवे होते म्हणून शोधलं. उन्हाळ्यात आमच्या शनिवारी रात्री ८ ला सरांचे रविवारचे पहाटे साडेपाच असतात, तरी ते वेळेवर हजर. एक सांगते, झूमवर ओरिजिनल साऊंड नावाचं सेटिंग चालू करा, नाहीतर तार वाजत असते आणि आवाज मध्येच गायब होतो, झूमला ती खरखर वाटते. पहिले दोन महिने आम्हाला वाटायचं मुलगाच नीट वाजवत नाही.

बास_वाला
हाताकडे बघा भाऊ. शो, क्लास आणि रात्रभर माऊसवर एडिटिंग, माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, डॉक्टरांनी ३ महिने वाजवणं बंद केलं. शो सगळे गेले, क्लास होते म्हणून घरभाडं निघालं. मुलं नाही सोडायची कधीच.

सहावी_तार
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तो काळी दोनचा प्रसंग माझ्यावर गेल्याच महिन्यात आलाय, पुढच्या व्हिडिओत तेच दाखवतो. ताई, ओरिजिनल साऊंड आत्ता चालू करून बघितलं, खूप फरक आहे. दुबईहून एकजण क्लासचं विचारत होता, नेटवर गिटार नीट ऐकू येत नाही म्हणून मी नको म्हटलं होतं, त्याला आज फोन करतो. गणपतीच्या सुपाऱ्या घेतल्यात त्या सोडत नाही. बास_वाला, हात आता कसा आहे?