शब्द हवाय : माणूस धुरात विरतो, की धूर होऊन विरतो?

रेघोटी :
व्हिडिओ एडिटिंगच्या एका धड्याचं मराठी करतेय आणि मथळ्यावरच गाडी अडलीय. धड्यात एक माणूस उभा असतो, मग पायापासून वरवर त्याचा धूर होत जातो, शेवटी डोकं आणि मग काहीच उरत नाही. मी लिहिलं, 'माणूस धुरात विरून जातो'. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'अंतर्धान पावतो' केलं आणि बाजूला शेरा, की विरतं ते कापड, माणूस नव्हे. आता मी लहानपणापासून ढग विरले, आवाज विरला, ओठावरचं हसू विरलं असंच ऐकत आलेय. माझं चुकतंय का? आणि अंतर्धान नको असेल तर दुसरा कुठला शब्द?

कानामात्रा :
अजिबात चुकत नाहीये. अंतर्धान पावणं एका क्षणात होतं, देव वर देतो आणि 'तत्काळ अंतर्धान पावतो', तिथे मधली अवस्था नसतेच. तुमच्या धड्यात मधली अवस्था हीच तर सगळी गंमत आहे. माझ्या मते मराठीतला सगळ्यात नेमका शब्द 'दिसेनासा होणे'. हे '-एनासा' फार मोलाचं आहे हो, दिसेनासा, ऐकू येईनासा, सुचेनासं, आधी होतं आणि मग होत होत थांबलं हे सगळं एका शब्दात येतं.

अनुस्वार :
दिसेनासा चांगला आहे पण त्यात धूर कुठे आहे? लांब रस्त्यावर चालत गेलेला माणूसही दिसेनासाच होतो. 'धूसर होत जातो' म्हणा ना, धूर त्यातच आला.

कानामात्रा :
नाही, धूसरचा धुराशी संबंध लावू नका. संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचा, मळकट राखाडी. धुराच्या रंगाला धूम्र. मराठीत आपण धुरकट, धुकं, धूसर, धुरळा सगळं एका टोपलीत टाकतो कारण सगळे 'धु' नं सुरू होतात.

अनुस्वार :
टोपलीत टाकतो म्हणजे भाषेनं टाकलेत. आज धूसर म्हटल्यावर वाचकाला धूळ आठवते की अस्पष्टपणा? शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात. आणि तसं तर 'धूम ठोकली' यातली धूमसुद्धा धूरच असावी असं मला कायम वाटत आलंय, पळणाऱ्याच्या मागे नुसता धूर दिसतो म्हणून.

कानामात्रा :
तुम्हाला वाटतं ते गोड आहे, पण धूमधाम, धूमधडाका यांतली धूम आवाजाची आहे, तीच धूम ठोकतात. धूर ठोकता येत नाही.

टाइमलाइन :
मी रोज हेच काम करतो म्हणून मध्ये बोलतो. तुम्ही क्रियापदावर भांडताय पण खरी अडचण 'धुरात' मधल्या 'त' ची आहे. आमच्याकडे हे तीन वेगळे इफेक्ट आहेत. पहिला, माणूस धुराआड जातो : काळ्या बॅकग्राउंडवर शूट केलेलं धुराचं फुटेज वरच्या लेयरवर, म्हणजे माणसाच्या चित्राच्या वर, टाकायचं, ब्लेंड मोड स्क्रीन, म्हणजे काळा भाग आपोआप निघून जातो आणि पांढरा धूर उरतो, तो सगळ्यात दाट झाला की खाली गुपचूप कट मारायचा आणि रिकामी फ्रेम आणायची. यात माणसाला काहीच होत नाही, तो फक्त झाकला जातो. दुसरा, माणूस धुरात मिसळतो : वरचंच सगळं, पण कटच्या जागी माणसाच्या लेयरची ओपॅसिटी (तो किती गडद दिसतो ते) हळूहळू उतरवायची. तिसरा, माणसाचाच धूर होतो : फ्रॅक्टल नॉइजचा, म्हणजे संगणकानं काढलेल्या वेड्यावाकड्या डागांचा, काळापांढरा नकाशा बनवून तो माणसाच्या लेयरला ल्यूमा मॅट म्हणून लावायचा (नकाशा जिथे काळा तिथे माणूस आरपार) आणि खालून वर तो काळा करत न्यायचा, कडेला टर्ब्युलंट डिस्प्लेस (आकार वेडावाकडा हलवणारा इफेक्ट) लावला की शर्टाची कड आधी थरथरते, मग तिच्या चिंध्या होऊन वर जायला लागतात, आणि त्या चिंध्यांच्या जागी पार्टिकल, म्हणजे बारीक कण, सोडायचे. रेघोटीताई, तुमचं वर्णन तिसऱ्याचं आहे. म्हणजे 'धुरात' चूक, 'धूर होऊन' बरोबर. मथळा वाचून माणूस पहिली पद्धत समजला तर अख्खा धडा त्याला उलटा वाटेल.

रेघोटी :
हे मला सुचलंच नव्हतं. धुराआड, धुरात, धूर होऊन. धड्यात खरंच तिसरीच पद्धत आहे. पण मग शेवटी 'विरतो' राहू दे का?

जुनीवही :
राहू द्याच. कापड विरतं म्हणणाऱ्या बाईंचं अर्धं बरोबर आहे आणि तेच तुमच्या बाजूचं आहे. आमची आई चादर उजेडासमोर धरायची आणि म्हणायची 'ही विरलीय', म्हणजे फाटलेली नाही, पण मधे मधे धागे इतके पातळ झालेत की पलीकडचं दिसतंय. टाइमलाइन म्हणतात तो नॉइजचा मॅट तर नेमकं हेच करतो, माणूस सगळीकडून सारखा फिका होत नाही, जागोजागी पातळ होतो आणि पलीकडची भिंत दिसायला लागते. माझ्या मते विरणे हा 'विरल' वरूनच आला, विरळ तोच.

कानामात्रा :
विरळ हा विरल वरून आला, मान्य. पण विरणे मला वि + ली, विलीन, विलय या घरातला वाटतो. मीठ पाण्यात विरतं तेव्हा ते विरळ होत नाही, विलीन होतं.

अनुस्वार :
मीठ विरघळतं. विरतं नाही.

कानामात्रा :
दोन्ही म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती उघडा, दोन्ही नोंदी आहेत.

टाइमलाइन :
विरघळणं मात्र नको, डिझॉल्व्हचा गोंधळ होईल. एडिटिंगमध्ये डिझॉल्व्ह म्हणजे एक शॉट फिका होत असताना त्याच्यावरच दुसरा उमटणं, त्यात धूर नाही, कण नाहीत, काही नाही.

स्वभाषा :
डिझॉल्व्ह, मॅट, लेयर, ओपॅसिटी, नॉइज. एका परिच्छेदात मराठी किती उरली बघा. सावरकरांनी दिग्दर्शक, बोलपट असे शब्द दिले तेव्हाही लोक म्हणालेच असतील की कोण वापरणार. आज दिग्दर्शक शब्द परका वाटतो का कुणाला? ओपॅसिटीला अपारदर्शकता म्हणा, लेयरला थर म्हणा. आणि फेड आउटला, म्हणजे चित्र हळूहळू नाहीसं करण्याला, तर 'फेडणे' हे आपलं अस्सल क्रियापद तयार आहे, पारणं फेडणे, संशय फेडणे, म्हणजे असलेलं दूर करणं. 'चित्र फेडले' म्हणा.

टाइमलाइन :
थर मी आजपासून वापरीन, चांगला आहे. पण सॉफ्टवेअरच्या बटनावर ओपॅसिटी लिहिलंय, शिकणारा तेच शोधणार. आणि 'चित्र फेडले' वाचून लोकांना कर्ज आठवेल. एका जुन्या भाषांतरात मी नॉइजला 'गोंगाट' केलेलं पाहिलंय, 'गोंगाटाची उत्क्रांती वाढवा' असं वाक्य होतं, शिकणारी मुलं आवाजाच्या सेटिंगमध्ये शोधत बसली. हा नॉइज संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिननं १९८३ च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीच्या घराण्यातला, त्यात आवाज नाहीच, ढगासारखे डाग आहेत.

स्वभाषा :
गोंगाट वाईट भाषांतर आहे म्हणून भाषांतरच नको हे पटत नाही. तुम्हीच आत्ता 'ढगासारखे डाग' म्हणालात, किती स्वच्छ कळलं. 'ढगडाग' का नाही?

अनुस्वार :
ढगडाग बोलून बघा एकदा मोठ्यानं. मी आपला 'कापरासारखा उडून गेला' सुचवतो. शाळेत संप्लवन शिकलो तेव्हापासून तोच शब्द डोक्यात आहे, घनातून थेट वायू, मधे पाणी नाही.

जुनीवही :
संप्लवनात धूर कुठे दिसतो? कापूर नुसता ठेवला तर काही न दिसताच कमी होत जातो. धूर म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, म्हणून तर तो दिसतो.

कानामात्रा :
बरोबर. आणि फ्रेंच चित्रपटकार मेलिएसनं १८९६ मध्ये कॅमेरा थांबवून खुर्चीवरची बाई काढून टाकली, ती 'नाहीशी' झाली. तिला कुणी विरली म्हणणार नाही. म्हणून म्हणतो, प्रत्येक पद्धतीला आपलं क्रियापद आहे.

रेघोटी :
तर मग 'माणूस धूर होऊन विरत जातो'. 'जातो' च्या आधी 'विरत', कारण ते हळूहळू होतं. चालेल? आणि टाइमलाइन, धड्यात सावलीचं एक वाक्य आहे ते मला नीट कळलं नाही.

टाइमलाइन :
शूट करताना कॅमेरा ट्रायपॉडवर न हलवता रिकामी जागा पण घेऊन ठेवायची असते. माणूस विरतो तेव्हा ती रिकामी जागा खालच्या थरातून दिसते. पण जमिनीवरची सावली माणसाच्या मास्कमध्ये (कापून घेतलेल्या आकारात) घेतली नाही तर ती एकतर आधीच उडते नाहीतर माणूस गेल्यावरही पडून राहते, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही पण खटकतं. सावलीचा वेगळा थर करून तो माणसाबरोबर कमी करत न्यायचा, एवढंच ते वाक्य आहे.

स्वभाषा :
'थर' म्हणालात. आभार.

जुनीवही :
सावली मात्र विरते असं मी ऐकलेलं नाही. सावली सरते, कलते, लांबते. सावली विरली असं कुणाच्या बोलण्यात आहे का?

अनुस्वार :
आमच्याकडे सावली 'मोडते'. ढग आला की सावली मोडली.

कानामात्रा :
मोडते? हे कुठल्या भागातलं? ऊन मोडतं ऐकलंय.